मेडिक्लेमने बिल भरलं, पण घर कोण चालवणार? क्रिटिकल इलनेस पॉलिसी घेण्याआधी हे वाचा

दादाला गालाच्या आतला कॅन्सर निघाला तेव्हा घरात सगळ्यांनी पहिला प्रश्न हाच विचारला की मेडिक्लेम आहे ना. होता. कंपनीचा होता, पाच लाखांचा होता, त्यामुळे निदान पैशाच्या बाजूने तरी आपण सुटलो असं वाटलं आम्हाला. ऑपरेशन झालं, बिल गेलं, अप्रूव्हल आलं, थोडीफार कापाकापी होऊन जवळजवळ सगळं बिल पास झालं. ओढाताण सुरू झाली ती त्याच्यानंतर, आणि ती चालली चौदा महिने.

वहिनीने एक वही केली होती. पुतण्याची जुनी गणिताची वही, मागची पानं कोरी होती, त्यात ती रोजचा खर्च लिहायची. ऑपरेशननंतर रेडिएशन होतं, शेक म्हणतात ना ते, सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, आणि आम्ही भांडुपला तर हॉस्पिटल परळला. नाकात नळी घातलेल्या माणसाला सकाळच्या लोकलमध्ये चढवणार कसं? म्हणून टॅक्सी. वहीत लिहिलंय, जाताना ४५०, येताना ५२०, आणि हे असं ओळीने पानभर. मग प्रोटीन पावडर. मग नळीतून जेवण द्यायची सिरिंज. मग एके दिवशी नवीन मिक्सर, कारण सगळंच वाटून पातळ करून द्यायचं होतं आणि जुना मिक्सर त्यातच जळला. यातला एक रुपया मेडिक्लेममध्ये बसत नाही.

आणि हे फक्त जास्तीचं झालं. नेहमीचं तर होतंच, घराचा हप्ता, मेंटेनन्स, शाळा, आईची औषधं. दादाची सिक लीव्ह संपली, साठवलेली रजा संपली, मग बिनपगारी. वहिनी घरी ट्युशन्स घ्यायची, त्या तिने पहिल्याच महिन्यात बंद केल्या कारण दादाला एकटं ठेवता येत नव्हतं. म्हणजे आजारी एक माणूस आणि पगार बंद दोघांचे. एकदा रात्री तिने ती वही माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "भाऊजी, हॉस्पिटलचं मेडिक्लेमने दिलं हो, पण या वहीतलं कोण देणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पतपेढीचं कर्ज काढलं, बांगड्या गहाण गेल्या, पीएफमधून पैसे काढले.

त्या वहीतल्या खर्चासाठी जो विमा असतो त्याला क्रिटिकल इलनेस पॉलिसी म्हणतात. मला तो तेव्हा माहीतच नव्हता. म्हणजे नाव ऐकलं होतं, पण मेडिक्लेमचाच कुठलातरी महागडा प्रकार असेल असं समजून सोडून दिलं होतं, आणि माझ्या ओळखीत निम्म्या लोकांना आजही तसंच वाटतं म्हणून हे सगळं लिहितोय.

फरक सरळ आहे. मेडिक्लेम बिल बघतो. बिल तीन लाखांचं तर तीन लाख, त्यातही काही कापून. क्रिटिकल इलनेस बिल बघतच नाही, तो निदान बघतो. यादीतला आजार, पॉलिसीत लिहिलेल्या व्याख्येप्रमाणे झाला हे कागदावर सिद्ध झालं की ठरलेली अख्खी रक्कम एकदम तुमच्या खात्यात. वीस लाखांची पॉलिसी असेल तर वीस लाख, मग उपचार सरकारी दवाखान्यात फुकट झाले असले तरी. मेडिक्लेमने बिल भरलंय म्हणून ही रक्कम कमी होत नाही, दोन्ही मिळतात. ते पैसे हप्ता भरायला वापरा, टॅक्सीला वापरा, मुलाच्या फीला वापरा, कोणी हिशोब मागत नाही.

याची सुरुवात एका डॉक्टरने केली हे कळलं तेव्हा मला बरं वाटलं. १९६७ साली केपटाऊनला ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी माणसाचं हृदय पहिल्यांदा दुसऱ्या माणसात बसवलं, ते आपण शाळेत वाचलेलं असतं. त्यांचा भाऊ मारियस बर्नार्ड, तोही हार्ट सर्जन, त्याच टीममध्ये होता. त्याच्या असं लक्षात येत गेलं की आपण पेशंटला जगवतो, पण घरी गेल्यावर तो पैशाने मोडतो. म्हणून विमा कंपनीला सोबत घेऊन त्याने १९८३ साली दक्षिण आफ्रिकेत अशी पहिली पॉलिसी आणली. चारच आजार होते त्यात, हार्ट अटॅक, स्ट्रोक म्हणजे पक्षाघात, कॅन्सर आणि बायपास.

आज आपल्याकडे एजंट आला की सुरुवातच आकड्याने करतो. आमच्यात ३६ आजार, त्यांच्यात ४०, यांच्यात तर ६०. आणि आपण भाजी निवडल्यासारखं जास्त आजार म्हणजे जास्त चांगलं असं समजून ६० वाली घेतो. मीही तसंच केलं असतं. पण यादीच्या शेवटी शेवटी जे आजार असतात ते इतके दुर्मिळ असतात की आपल्या सगळ्या नात्यागोत्यात कोणाला झालेले नसतात. घरं मोडतात ती मुख्यतः कॅन्सर, हार्ट, स्ट्रोक आणि किडनीने. हे जवळपास प्रत्येक पॉलिसीत असतात. आणि त्यातल्या मोठ्या २२ आजारांच्या व्याख्या आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, सगळ्यांसाठी सारख्या ठरवून दिल्यात. म्हणून आजार किती हा आकडा बाजूला ठेवा आणि व्याख्यांचं पान उघडा. पॉलिसी वर्डिंग म्हणून जी मोठी पीडीएफ असते त्यात ते असतं, रंगीत माहितीपत्रकात नसतं.

आता व्याख्या म्हणजे काय ते नीट सांगतो, कारण सगळा खेळ इथेच आहे.

आमच्या बिल्डिंगमधल्या काकांना छातीत जड वाटायचं, टेस्ट केल्या, दोन ब्लॉकेज निघाले, अँजिओप्लास्टी करून स्टेंट बसवले. पॉलिसी होती. क्लेम टाकला आणि नाकारला गेला, आणि काका वर्षभर सगळ्यांना सांगत होते की फसवलं. मी त्यांचे कागद बघितले. पॉलिसीत हार्ट अटॅक होता, बायपास होता. हार्ट अटॅकच्या व्याख्येत म्हटलंय की हृदयाच्या स्नायूचा भाग खरोखर मेला पाहिजे, आणि त्याला पुरावा म्हणून तशी लक्षणं, ईसीजीत नवीन बदल आणि रक्तात ट्रोपोनिनसारखे मार्कर वाढलेले पाहिजेत. काकांना अटॅक आलाच नव्हता, देवाच्या कृपेने त्याच्या आधीच पकडलं गेलं होतं. आणि बायपासच्या व्याख्येत स्पष्ट लिहिलंय की अँजिओप्लास्टी यात धरली जाणार नाही. म्हणजे ब्लॉकेज होतं, स्टेंट बसले, खर्च झाला, तरी पॉलिसीच्या भाषेत काही झालंच नाही. उलट कोणाला खराखुरा अटॅक आला, ईसीजी आणि ट्रोपोनिनमध्ये दिसला, आणि मग त्यावर अँजिओप्लास्टी केली, तर त्याचा क्लेम हार्ट अटॅकच्या नावाने बसू शकतो. काही पॉलिसींमध्ये अँजिओप्लास्टीसाठी वेगळी, छोटी रक्कम असते. घरात हार्टचा इतिहास असेल तर हे आधी विचारा.

स्ट्रोकचं तसंच. झटका येऊन हात लुळा पडला आणि पंधरा दिवसांत माणूस चालता बोलता झाला तर पैसे मिळत नाहीत. मेंदूवर झालेला कायमचा परिणाम कमीत कमी तीन महिने टिकलेला दाखवावा लागतो. म्हणजे स्ट्रोकचे पैसे लगेच हातात येतील अशा भरवशावर राहू नका, तीन महिन्यांचा खर्च तुमचा तुम्हाला बाजूला ठेवावा लागणार. किडनीत दोन्ही किडन्या कायमच्या निकामी होऊन डायलिसिस चालू झालं पाहिजे किंवा ट्रान्सप्लांट. नुसतं क्रिएटिनिन वाढलंय, डॉक्टरांनी पथ्य सांगितलंय, याला काही नाही.

कॅन्सरमध्ये बायोप्सीचा रिपोर्ट लागतो, आणि अगदी सुरुवातीचा, वरच्या थरातच असलेला, आजूबाजूला न पसरलेला प्रकार बहुतेक साध्या पॉलिसींमध्ये वगळलेला असतो. थायरॉइडचा अगदी लहान, प्रोस्टेटचा सुरुवातीचा, मेलेनोमा सोडून त्वचेचे बाकीचे, हे पण बाहेर. सुरुवातीच्या स्टेजला ठराविक टक्के रक्कम देणाऱ्या पॉलिसी मिळतात, फक्त कॅन्सरसाठीच्या पॉलिसींमध्ये हे जास्त दिसतं. माझं वैयक्तिक मत विचाराल तर घरात कॅन्सरचा इतिहास असेल किंवा तंबाखू खाल्लेली असेल तर थोडा जास्त प्रीमियम देऊन ही सोय घ्यावी, कारण आज तपासण्या वाढल्यामुळे लवकर सापडण्याची शक्यताही वाढलीय.

दोन मुदती पण माहीत पाहिजेत. पहिली वेटिंग पिरियड, पॉलिसी सुरू झाल्यापासून साधारण ९० दिवस. त्यात आजार निघाला तर क्लेम नाही. म्हणून लक्षणं दिसायला लागल्यावर धावत जाऊन घ्यायची ही गोष्टच नाही. दुसरी सर्व्हायवल पिरियड. निदान झाल्यावर पेशंट ठराविक दिवस जगला पाहिजे, बऱ्याच ठिकाणी ३० दिवस, काही ठिकाणी १५ किंवा १४, काहींमध्ये शून्य. त्या दिवसांच्या आत माणूस गेला तर या पॉलिसीतून काहीच येत नाही. ऐकायला वाईट वाटतं, पण ही पॉलिसी आजारातून वाचलेल्या माणसाचं घर चालवायला बनलीय, माणूस गेल्यावरचं काम टर्म इन्शुरन्सचं. त्यामुळे क्रम असा ठेवा, आधी मेडिक्लेम, मग टर्म, मग ही. मेडिक्लेमच नाही आणि क्रिटिकल इलनेस घेतलाय असं करू नका, कारण डेंग्यू, अपेंडिक्स, हाड मोडणं यातलं काहीच यात येत नाही.

आता रक्कम किती घ्यायची. एजंट दहा लाख म्हणतो कारण प्रीमियम छोटा दिसतो. मी वहिनीच्या वहीवरूनच हिशोब केला, माझ्या घराचा सांगतो. हप्ता २८,५००, मेंटेनन्स ३,२००, किराणा दूध भाजी १४,०००, शाळा आणि क्लास ६,३००, आईची औषधं २,५००, लाईट गॅस मोबाईल ४,५००. झाले महिन्याला ५९,०००. मोठ्या आजारात उपचार, मग अशक्तपणा, मग कामावर परत जाणं यात दोन वर्षं धरून चाला, म्हणजे १४ लाख १६ हजार. वर त्या टॅक्सी, पावडर, मदतीला बाई, मेडिक्लेममध्ये न बसणारं, याचे तीन-चार लाख. मी वीस घेतले. यात बायकोचा पगार मी मुद्दाम वजा केला नाही. वहिनीच्या ट्युशन्स पहिल्याच महिन्यात बंद पडलेल्या बघितल्यात, त्यामुळे आजारात दुसरा पगार चालू राहील असं धरायची माझी हिंमत नाही. आणि आजचे वीस लाख पंधरा वर्षांनी वीस लाखांचे राहणार नाहीत हेही आहेच, चार-पाच वर्षांनी हिशोब परत करावा लागणार.

ही पॉलिसी मिळते दोन ठिकाणी. एक, टर्म इन्शुरन्सला जोडून रायडर म्हणून, आणि दुसरी, आरोग्य विमा किंवा जनरल विमा कंपनीकडून वेगळी. रायडरचा प्रीमियम बहुधा ठरलेल्या वर्षांसाठी सारखा राहतो, वेगळी पॉलिसी दरवर्षी किंवा दोन-तीन वर्षांनी रिन्यू होते आणि वय वाढेल तसा प्रीमियम वाढतो, पन्नाशीनंतर चांगलाच वाढतो. पण वेगळी पॉलिसी म्हातारपणातही चालू ठेवता येते, रायडर टर्मसोबत संपतो. तरुण असाल, टर्म अजून घ्यायचीच असेल, तर रायडर सोपा आणि स्वस्त पडतो. फक्त एक शब्द विचारा, अॅक्सिलरेटेड आहे का. अॅक्सिलरेटेड म्हणजे एक कोटीच्या टर्ममधलेच वीस लाख तुम्हाला आधी देतात आणि मागे ८० लाख उरतात. लहान मुलं असलेल्या माणसाने शक्यतो असा रायडर घ्यावा ज्यात ते वीस लाख वेगळे मिळतात आणि कोटी तसाच राहतो, थोडं महाग पडलं तरी.

होमलोन घेताना बँकेत जो विमा सोबत चिकटवतात त्यातही कधी कधी क्रिटिकल इलनेस असतो, बऱ्याच लोकांना माहीतच नसतं की आपल्याकडे आहे. फाइल काढून बघा. तो बहुधा कर्जापुरताच असतो आणि कर्ज उतरेल तसा अनेकदा कमी होत जातो, त्यामुळे त्याच्यावर घर चालणार नाही, पण हप्त्याचा भार त्याने उचलला तर तुमचा हिशोब हलका होतो.

प्रीमियम परवडत नसेल तर काय, हा प्रश्न मला ऑफिसमधल्या शिपाईमामांनी विचारला आणि तो बरोबर आहे. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार यादीतल्या हॉस्पिटलमध्ये कॅशलेस होतात, आता पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांनाही त्यात घेतलंय. त्यात पगार भरून निघत नाही, पण बिलाचं तरी होतं. आणि पगार महिना २१,००० पर्यंत असेल तर बऱ्याच नोकऱ्यांत ईएसआयसी, म्हणजे पगारातून कापला जाणारा सरकारी कामगार विमा असतो, त्यात आजारपणाच्या रजेत पगाराच्या ७० टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत, आणि कॅन्सरसारख्या ठराविक लांबच्या आजारांत नियमात बसलं तर ८० टक्के, जास्तीत जास्त दोन वर्षं. शिपाईमामांचं ईएसआयसी कापलं जात होतं आणि त्यांना हे कोणी सांगितलेलं नव्हतं. ज्याच्या स्लिपवर ते कापलं जातंय त्याने आधी हे वापरायला शिकावं, खाजगी पॉलिसी नंतर.

फॉर्म स्वतः भरा. एजंटला, कितीही ओळखीचा असला तरी, ओटीपी देऊन मोकळे होऊ नका. तंबाखू, सिगारेट, शुगर, बीपी, आईवडिलांचे आजार, पूर्वीची ऑपरेशनं, जे आहे ते लिहा. प्रीमियम वाढेल, वाढू दे. दडवलं आणि क्लेमच्या वेळी हॉस्पिटलच्या केसपेपरवर डॉक्टरांनी 'दहा वर्षांपासून तंबाखू' असं लिहिलं की सगळं तिथेच अडकतं. आरोग्य विम्यात सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिली की नंतर कंपनीला माहिती लपवल्याच्या मुद्द्यावर क्लेम अडवता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच, हा २०२४ पासूनचा नियम आहे. पण आजार पाच वर्षं थांबून येत नाही.

प्रीमियमवर आधी १८ टक्के जीएसटी लागायचा, २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य आणि जीवन विम्यावर तो शून्य झालाय. आरोग्य विम्याच्या प्रीमियमवरची इन्कम टॅक्सची सूट, ८०डी म्हणतात ती, फक्त जुन्या टॅक्स पद्धतीत मिळते, नवीन पद्धतीत असाल तर तो विचार डोक्यातून काढा.

अजून एक गोष्ट कोणी सांगत नाही. क्लेमचे पैसे बहुधा पेशंटच्याच खात्यात येतात. पेशंट स्ट्रोकने पडलाय, सही करता येत नाही, आणि खातं एकट्याच्या नावावर, तर वीस लाख येऊनही बायकोला दहा हजार काढता येत नाहीत. खातं जॉइंट करा, दोघांपैकी कोणालाही व्यवहार करता येईल असं. आणि हॉस्पिटलमधून निघताना बायोप्सी, डिस्चार्ज कार्ड, सगळ्या रिपोर्टांचा एक जास्तीचा झेरॉक्स संच हॉस्पिटलचा शिक्का मारून घ्या, कारण मेडिक्लेमवाले बऱ्याचदा मूळ कागद मागतात आणि मग दुसऱ्या क्लेमला हातात काही उरत नाही.

क्लेम नाकारला तर लेखी कारण घ्या, व्याख्येच्या पानाशी ओळ न ओळ ताडून बघा, आणि कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी द्या. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी सोडवणारा अधिकारी. मुंबईचं ऑफिस सांताक्रूझ पश्चिमेला एस. व्ही. रोडवर आहे, फी लागत नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचं प्रकरण ते बघतात. काकांची केस तिथेही टिकली नसती, पण ज्यांचा ट्रोपोनिन रिपोर्ट हातात आहे आणि तरी नाही म्हणताहेत त्यांनी नक्की जावं.

दादा आता कामावर जातो. त्याला मात्र अशी पॉलिसी आता कोणी देणार नाही, तीन ठिकाणी विचारलं, तिन्हीकडून नाही आलं. म्हणून त्याने वहिनीच्या नावाने घेतली, ट्युशन्स परत सुरू झाल्यात त्यामुळे उत्पन्न दाखवता आलं. पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवसांत पटली नाही तर परत करता येते, तेवढ्यात वाचून काढायची असं त्याने ठरवलंय. डॉक्टरांनी त्याला मोठ्याने बोलायचा सराव सांगितलाय, जीभ अजून नीट वळत नाही, त्यामुळे रोज रात्री जेवण झालं की तो व्याख्यांचं पान वहिनीला मोठ्याने वाचून दाखवतो, सावकाश, एकेक शब्द सोडवत, आणि वहिनी त्याच वहीच्या उरलेल्या पानांवर लिहून घेते. काल रात्री स्ट्रोकपर्यंत आले होते.